निळे अभ्रे

"एका शब्दापायी राहतं घर घालवशील तू!" नवरा ओरडला आणि त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

तो रंगाच्या कारखान्यात भुकटी दळायचा. ती तिथल्याच दवाखान्यात टायपिस्ट. घर कारखान्याचं. कामगारांच्या खोकल्याचा अहवाल इंग्रजीत सरकारकडे जायचा होता आणि साहेबांनी तिला बजावलं होतं, खोकला 'कॉमन' आहे असं लिहा. तिच्या मनात शब्द होता 'वाइडस्प्रेड'.

"दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना? सगळ्यांना आहे!"

"एक नाही. कॉमन म्हणजे असतोच, चार घरी असतो तसा. वाइडस्प्रेड म्हणजे पसरलाय. मग कुठून पसरला, ते कुणीतरी विचारतं."

"मग रॅम्पंट लिही, बेफाम माजलाय म्हण! बोंबच ठोक एकदाची."

"तोही विचार केला. पण तो शब्द भांडखोर वाटतो, लोक आधी बाईचं डोकं तपासतील."

तेवढ्यात सासूबाई ओला अभ्रा घेऊन आल्या. "किती घासला गं, पण याच्या थुंकीचा निळा डाग जाईना. शेजारीण म्हणते, गडद निळेच अभ्रे घ्या, आम्ही सगळे तेच घेतो. डाग दिसत नाही."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. वसाहतीतल्या प्रत्येक दोरीवर गडद निळे अभ्रे वाळत होते. इतकी वर्षं तिला वाटायचं, दुकानात तोच रंग स्वस्त मिळतो.

नवरा भिंतीला धरून खोकत होता. तिने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"डॉक्टरांची सही घेऊन अहवाल दुपारीच पाठवला," ती म्हणाली. "वाइडस्प्रेड लिहिलंय. उद्यापासून भाड्याची खोली शोधायची."