दम लागेपर्यंत चालायचं

लकव्याच्या झटक्यानंतर तीन महिन्यांनी माझे पती काठी टेकत चालू लागले. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता रोज जमेल तितकं भराभर चाला. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर थांबा."

मला त्या दमाचीच धास्ती होती. छाती धडधडली की पुन्हा झटका येईल, असं वाटायचं. म्हणून जंगलालगतच्या मोहर्लीच्या रस्त्यावर मी त्यांना सतत बोलतं ठेवायची.

एका सकाळी ते धानाच्या बांधीबद्दल, म्हणजे आमच्या भातखाचराबद्दल, सांगत होते आणि वाक्याच्या मधेच गप्प झाले. पाय थांबले, नजर एका जागी खिळली. पुन्हा झटका आला की काय, म्हणून मी घाबरून गेले आणि तो ओळखायला दवाखान्यात शिकवलेलं तेच करू लागले.

"अहो, काय होऊन राह्यलं? हात वर करा! हासून दाखवा मले!"

त्यांनी काठी सोडून माझं मनगट घट्ट धरलं. "चूप," ते पुटपुटले. "वाघ हाये."

रस्त्यापलीकडे बांबूत तो बसला होता. खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं, कारण त्यांची जीभ अडखळली नव्हती. मग मात्र मी त्यांचा दंड धरला. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकमेकांना धरून आम्ही हळूहळू मागे सरकलो. त्यांचा अधू पाय मुरमावर फरपटत होता आणि तो आवाज मला फार मोठा वाटत होता. वाघ उठला नाही.

आता आम्ही शाळेच्या कुंपणाच्या आत फेऱ्या मारतो. त्यांना पूर्वीइतक्या लवकर धाप लागत नाही. माझी भीती मात्र तेवढीच आहे.