‘ख’ गावच्या शेळ्या

परळीला सकाळी सातला उतरले. आधी दिसल्या त्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या, आणि मग माझ्या काळ्या चपलांवर बसलेली राखाडी पूड. मी ती झटकली. स्टँडपर्यंत जाईतो पुन्हा बसली. इथली माणसं ती झटकत नाहीत, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पाच महिन्यांनी मी घराबाहेर पडले होते. ऑगस्टमध्ये माधव गेला, माझा नवरा. त्यानंतर मी पुस्तकं वाचत बसले आणि कुणाच्याही पत्राला उत्तर दिलं नाही. हे काम घेतलं ते उमेद आली म्हणून नव्हे. नकाराचं पत्र लिहायला जमेना, आणि तेवढ्यात त्यांनी तिकीट पाठवून दिलं.

माझा व्यवसाय मूल्यमापनाचा. परदेशातली एखादी संस्था आपल्याकडे काही चांगलं काम करते. ते खरंच चांगलं झालं का, हे ठरवायला त्यांना तिसरंच माणूस लागतं, ते मी. वीसेक वर्षं हे करते आहे. चांगलं म्हणजे काय ते अजून खात्रीनं कळलेलं नाही, पण अहवाल कधी उशिरा दिला नाही.

स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात, मराठवाड्याचे पोहेच म्हणा) खाल्ली. वर तळलेली मिरची होती. तिनं मला पूर्ण जागं केलं. तेवढ्यात प्रकल्पाचे समन्वयक सचिन जीप घेऊन आले. तिशीतला उत्साही माणूस. चहाचे कप बाजूला सारून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि प्रकल्प समजावला.

गावातल्याच एका बाईला शिकवून ‘पशुसखी’ करायचं. तिनं गावातल्या शेळ्यांना जंताचं औषध द्यायचं, लस टोचायची, आणि त्याबद्दल महिन्याला मानधन घ्यायचं. हे झालं ‘क’ गाव. शेजारी ‘ख’ गाव, तिथं पशुसखी नाही, काहीच नाही. गोपनीयतेसाठी गावांची नावं लिहायची नसतात, म्हणून मीही लिहीत नाही. दोन्ही गावं सिरसाळा आणि दिंद्रुडच्या दरम्यान आहेत, इतकं पुरे. पाऊस सारखा, जमीन सारखी, शेळ्या साधारण सारख्या. ही जोडी लंडनमध्ये उपग्रहाची चित्रं पाहून निवडली गेली होती. ‘ख’ गावाला तीन वर्षं मुद्दाम काही द्यायचं नव्हतं. मात्र दर वर्षी तिथं जाऊन ‘तुम्हाला काही मिळालं का?’ हे विचारायचं होतं.

“फरक दिसला तर पशुसखींचं काम आणखी तीन वर्षं,” सचिन म्हणाले. “नाही दिसला तर मार्चला बंद. मॅडम, फरक दिसला पाहिजे.”

“दिसेल तो दिसेल.”

“हो, तेच म्हणतोय मी. दिसेल तो. पण दिसला पाहिजे.”

सिरसाळ्यापर्यंत जीप उसाच्या ट्रॉलीमागे सरपटत होती. ट्रॉलीतून गळलेला एक ऊस चाकाखाली आला, टायरला काही झालं नाही, पण माझा चष्मा नाकावरून उडाला आणि त्याची एक काडी तुटली. पुढचे तीन दिवस मी चष्म्याला दोरा बांधून वावरले. त्यामुळे गावातल्या बायकांना माझ्याबद्दल जरा विश्वास वाटला असावा.

‘क’ गावच्या पशुसखीचं नाव शोभा. बौद्ध वस्तीत राहते, वय तिशीच्या पुढे, खांद्याला औषधांची निळी पेटी. “जय भीम ताई,” म्हणाली, आणि लगेच माझ्या चष्म्याकडे पाहून, “टाका घालू का? शेळीला घालते तसा.”

तिच्याबरोबर गोठे पाहिले. शेळ्या खरोखर तुकतुकीत होत्या. म्हातारे लोकही तिला ‘डाक्टरीणबाई’ म्हणून हाक मारत होते. दुपारी तिच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून करतात) जेवले. जेवताना ती सहज बोलून गेली, “दोन साल झाले, कोयत्याला गेले न्हाई.” कोयत्याला म्हणजे ऊसतोडीला. नवरा-बायको जोडीनं जातात, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडात झोपडीत राहतात. “या साली मालक एकलेच गेलेत. पोरगी साळंत हाय इथं. मानधन हाय म्हनून मी ऱ्हायले तिच्यापाशी. मार्चच्या पुढं काय ते तुमच्या लिवन्यावर.”

मी आमटी भुरकली.

दुसऱ्या दिवशी सात किलोमीटरवरच्या ‘ख’ गावात गेलो. माझ्याबरोबर टॅबलेट घेतलेली एक सर्वेक्षक मुलगी होती. पहिलं घर पारूबाईंचं. धनगर समाजातल्या, सत्तरीच्या, अंगणात वीसेक शेळ्या. त्या ‘क’ गावच्या शेळ्यांइतक्याच तुकतुकीत होत्या.

“आजी, तुम्हाला प्रकल्पाकडून काही मिळालं का?” मुलीनं फॉर्मातला प्रश्न वाचला.

“न्हाई. दर साली इचारता, दर साली न्हाईच म्हनते मी. द्यायचं न्हाई तर इचारता कावून?”

“गेल्या वर्षी किती शेळ्या दगावल्या?”

“एक बी न्हाई.”

“औषध देता?”

“देतो की. येळच्या येळंला.”

“कोण देतं?”

पारूबाईंनी जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोऱ्याच्या चष्म्याकडे. “आमची लेक येती.”

“तुमची मुलगी?”

“गावची लेक. शोभी.”

टॅबलेटमध्ये पर्याय चार होते: सरकारी दवाखाना, खाजगी डॉक्टर, प्रकल्प, इतर. मुलीनं ‘इतर’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या घरातही ‘इतर’. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाच्या शेळ्या ‘इतर’नं वाचवल्या होत्या.

निघताना पारूबाईंनी थांबवलं. “सकाळपासून तुमीच इचारताव. तुमचे मालक काय करतेत?”

“गेले. पाच महिने झाले.”

त्यांनी मुलीच्या हातातला टॅबलेट काढून बाजेवर पालथा ठेवला. “जेवता का येळंला?”

“हो.”

“खोटं,” म्हणाल्या, आणि शेळीच्या दुधाचा चहा आणायला आत गेल्या. आमचा फॉर्म सव्वा तास चालतो. त्यात इतका नेमका प्रश्न एकही नाही.

परतताना मी ‘क’ गावी उतरले. शोभा दारातच होती, तिला सगळं आधीच कळलं होतं.

“माहेर हाय माझं ते,” ती म्हणाली. “पहिल्या साली पंचमीला गेलते, तर शेळ्या हागवनीनं लोळत होत्या. पारूआत्या म्हनली, तिकडच्या शेळ्या तुझ्या, अन् आमच्या काय इंग्रजाच्या? मंग पेटी घेऊनच जायला लागले. माहेराला रिकाम्या हातानं जाऊ का?”

“तिकडं औषध द्यायचं नाही, असं सांगितलं होतं ना?”

“सायबांनी सांगितलं होतं, तुलना करायची हाय म्हनून. करा की! तुमच्या तुलनेपायी मुक्या जितराबानं मरावं का?” मग आवाज खाली आला. “फरक दिसंना झाला न्हवं? माझ्यामुळंच माझं काम जानार का ताई?”

लंडनच्या उपग्रहाला पाऊस दिसला होता, माती दिसली होती. सोयरीक दिसली नव्हती. शेजारची दोन गावं निवडली तर एकातल्या लेकी दुसऱ्यात नांदत असणार, हे इथल्या शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सचिननी जीपमध्ये तोडगा सुचवला. “‘ख’ गावचे टॅबलेट बिघडले म्हणू. डेटा गेला. मी लिहून देतो.”

मी नको म्हटलं. त्यात शौर्य नव्हतं. या धंद्यात खरं लिहायला एक परिच्छेद पुरतो आणि खोट्याला सहा परिशिष्टं जोडावी लागतात.

पुण्याला येऊन अहवाल लिहिला. फरक दिसत नाही याचा अर्थ काम फसलं असा नाही, काम ठरवल्यापेक्षा दूर पोचलं, असं नीट मांडलं. शोभानं नियम मोडला होता. तिला बोल लागू नये म्हणून तिचं नाव टाळलं आणि लिहिलं, ‘नातेसंबंधांमुळे उपचार ‘ख’ गावात आपोआप पसरले.’ वाक्य मला आवडलं होतं.

पंधरा दिवसांत लंडनहून उत्तर आलं. सगळे भारावून गेले होते. उपचार आपोआप पसरतात हा शोध फार महत्त्वाचा असून तो एका परिषदेत मांडण्यात येणार होता. आणि ज्याअर्थी ते आपोआप पसरतात, त्याअर्थी पशुसखींना मानधन देण्याची गरज उरलेली नाही. मार्चपासून बंद.

मी शोभाला फोन केला. वाक्य वाचून दाखवलं, कारण ते माझं होतं.

“आपोआप?” ती म्हणाली. “सात किलोमीटर वो ताई. पेटी डोक्यावर. उन्हाची. ते आपोआप कोन? मीच की!”

“तुम्हाला बोल लागेल म्हणून नाव घातलं नाही.”

“मी काय चोरी केली? घाला नाव.”

फोन ठेवून बसून राहिले. माझ्या अहवालांचा पहिला वाचक माधव असे. पेन्सिलीनं समासात एकच शब्द लिहायचा, ‘कोणी?’ या खेपेला समास कोरा होता. आणि मग घरभर पाहिलं. घड्याळाला चावी, गॅसचा नंबर, पुस्तकांवरची धूळ, सकाळी दारात आलेलं दूध आत येणं. तीस वर्षं या घरात किती काय आपोआप होत होतं. ऑगस्टपासून ते थांबलं आहे, आणि मी त्याला मरगळ म्हणत होते.

दुसरं पत्र त्याच दुपारी लिहिलं. पहिलं वाक्य असं: ‘हे उपचार शोभा या पशुसखीने स्वतः चालत जाऊन दिले, ती न जाती तर ते पोचले नसते.’

उत्तराला महिना लागला. निर्णय बदलला होता. शोभाचं मानधन एक वर्ष चालू राहील. मात्र ती न जाता उपचार पसरतात का हे शास्त्रीय पद्धतीनं तपासायचं असल्यानं, त्या वर्षात तिनं ‘ख’ गावात पाऊल ठेवू नये, अशी अट होती.

मी अट वाचून दाखवली.

“म्हंजे माहेराला जायचं न्हाई?” शोभा म्हणाली. “माझी सासू लई खट, पन तिनं बी असलं कदी सांगितलं न्हाई.” मागे पोरगी काहीतरी घोकत होती. तिला गप्प करून शोभा हसली. “बरं. कोयता तर टळला. कळवा त्येंना, शोभी जात न्हाई. पारूआत्यालाच सांगते, शेळ्या चारत चारत इकडं आन म्हनून. शेळ्यांनी यायला बंदी घातली न्हाई न्हवं?”

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. शेळ्यांबद्दल त्यात काहीही नव्हतं.

‘अट मान्य आहे,’ असं मी लंडनला कळवलं.