हातावरचं दही

आमच्या कोल्हापुरात शेजारी देशांची फुटबॉल स्पर्धा भरली आणि नेपाळचा संघ आमच्या गल्लीतल्या वसतिगृहात उतरला. भारताशी सामना होता त्या सकाळी मी फाटकाशी उभा होतो. तिथं स्वयंपाक करणाऱ्या शांताकाकू बसमध्ये चढणाऱ्या एकेका खेळाडूच्या हातावर दही-साखर ठेवत होत्या. गोलकीपरनं ते बोटावर घेऊन कपाळाला लावलं.

"आरं लेकरा, खायाचं असतंय ते!"

"घरी आई कपाळालाच लावते," तो हिंदीत म्हणाला आणि उरलेलं चाटून टाकलं.

मी वैतागलो. "काकू, आज आपल्याच पोरांशी सामना आहे यांचा!"

"आपल्या पोरांना त्यांच्या आयांनी दिलं असंल की. ह्यांच्या आया लांब हाईत."

कमानी आणि झेंडे लावले की झालो यजमान, असं मी धरून चाललो होतो. पण परक्या गावात सकाळी कुणीतरी आईसारखं वाटेला लावणं, ते कुठल्या कमानीवर लिहिणार?

संध्याकाळी आपला हमखास गोल त्या पोरानं झेपावून अडवला. अख्खं मैदान हळहळलं. माझ्या हातांनी मात्र, मला न विचारताच, टाळ्या वाजवल्या होत्या.