ॲम्ब्रोज टकेटचं म्युझियम

नेदर ॲशकोटमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की आम्ही तीन नावं घेतो: चर्च, दगडी पूल आणि लोकर तोलायचं जुनं घर. चौथं कुणी घेत नाही, पण गर्दी तिथंच असते. ते ॲम्ब्रोज टकेटचं राहतं घर आहे, आणि त्यात बघण्यासारखं म्हणजे खुद्द ॲम्ब्रोज.

वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म शेतांच्या कडेनं दगडी भिंती रचण्यात गेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्या भिंतींना मेंढ्यांनी पन्नास वर्षं अंग घासलं, पण एक दगड हलला असेल तर शपथ! माणूस मात्र असा भिडस्त, की कुणी त्याच्या पायावर पाय देऊन उभं राहिलं तर हाच ‘माफ करा’ म्हणणार, आणि तो हलेपर्यंत वाट बघणार.

लोकर तोलायच्या घरात आता म्युझियम आहे. ॲम्ब्रोजचं घर त्याला अगदी लागून. म्युझियमचं दार बंद असतं, जोर लावून ढकलावं लागतं. ॲम्ब्रोजचं सकाळपासून सताड उघडं. आता बसमधून उतरलेला माणूस कुठल्या दारात शिरेल, तुम्हीच सांगा.

पहिलं जोडपं शिरलं त्याला चार वर्षं झाली. ॲम्ब्रोज उकडलेलं अंडं खात होता. चमचा तोंडाशी गेलेला. दोघं आत आली, दबक्या आवाजात बोलायला लागली. बाई त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर वाकली आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, केवढा हुबेहूब केलाय! कानातले केससुद्धा सोडले नाहीत!”

आली का पंचाईत! ‘बाई, मी जिवंत आहे’ म्हणावं, तर ती बिचारी लाजेनं अर्धी होणार. म्हणून ॲम्ब्रोज तसाच बसून राहिला, चमचा तोंडाशी धरून, श्वास रोखून. नवऱ्यानं मेणाचे पुतळे कसे करतात यावर बायकोला लांबलचक व्याख्यान दिलं, तेही त्यानं ऐकून घेतलं. अंडं गार झालं ते झालंच, खांदा पुढे आठवडाभर धरला होता.

मग रीघच लागली. तिसऱ्या आठवड्यात त्याला शिंक आली आणि तो मेणाचा नाही हे उघड झालं. पण त्यानं गर्दी कमी व्हायची सोडून वाढली. लोक त्याची किटली उचलून बघत, पलंग दाबून बघत. एका मुलीनं विचारलं, “पूर्वीची माणसं खरंच अशी राहायची?” ॲम्ब्रोज म्हणाला, “हो. काही अजून राहतात.”

म्युझियम सांभाळणाऱ्या मिस कॉटरेलचा यावरून तिळपापड व्हायचा. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणे, “माझ्याकडे तीनशे वर्षांचा तराजू आहे, ॲम्ब्रोज. तुझ्याकडे काय आहे रे? आणि तरी माशा मारत मी बसते!”

“मी बोलावतो का त्यांना?”

“मग दार लाव ना!”

“हवा लागते.”

“जानेवारीत?”

“जानेवारीतही लागते,” ॲम्ब्रोज म्हणे, आणि विषय संपे.

त्याची मुलगी रोझलिंड रेडिंगला असते. शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि घरीदारी, सगळीकडे मुख्याध्यापिकाच आहे. आई गेल्यापासून दर रविवारी तिचा फोन. बाबा जेवलात का, बाबा दार लावलंत का, बाबा तुम्ही फार एकटे पडलात. मेच्या सुरुवातीला मात्र फोन नाही, पत्र आलं. तिच्या घराजवळ वृद्धांसाठीच्या इमारतीत एक खोली रिकामी झाली होती. ‘येत्या रविवारी एक वाजता येते. घर नीट दिसलं, तुम्ही नीट दिसलात, तर खोली सोडून देऊ. नाहीतर सोमवारी सही करायची. हुज्जत नको.’

ॲम्ब्रोजनं पत्र पुन्हा एकदा वाचलं. हे घर सोडायचं? ज्या भिंतीला टेकून बायकोनं, एनिडनं, चाळीस वर्षं वाटाणे सोलले, ती भिंत सोडून कुठल्या तरी चौथ्या मजल्यावर लिफ्टनं जायचं? छे! त्यानं शनिवारी जमीन गुडघ्यावर बसून घासली. रविवारी स्वच्छ सदरा चढवला, कोकराचं मांस बटाट्यांसकट ओव्हनमध्ये सरकवलं, पुदिन्याची चटणी केली आणि टेबलावर दोन ताटं मांडली. नीट म्हणजे किती नीट! आता फक्त एकपर्यंत कुणी यायला नको होतं.

सव्वाबाराला बस आली. तीतून बेचाळीस माणसं उतरली. सकाळी त्यांनी जमीनदाराचा वाडा पाहिला होता, संध्याकाळी माळावरची उभ्या दगडांची रांग बघायची होती, मधला वेळ आमच्या गावाला. बेचाळीसच्या बेचाळीस ॲम्ब्रोजच्या दाराशी. घरात मावतील तेवढे आत, उरलेल्यांची बाहेर शिस्तीत रांग, थेट टपालपेटीपर्यंत.

‘आज माझी मुलगी येणार आहे, तुम्ही जा’ एवढं वाक्य बोलायचं होतं. पण ते ॲम्ब्रोजच्या तोंडून निघेल तर ना! त्यानं घड्याळाकडे टक लावून पाहिलं. लोक म्हणाले, “अरे वा, चालू स्थितीत आहे!” तो जोरात खाकरला. सगळे चिडीचूप झाले, त्यांना वाटलं आता माहिती सांगणार. त्यानं ओव्हन उघडला. “वाससुद्धा अस्सल ठेवलाय!” शेवटी अगदी धीर करून तो म्हणाला, “बाहेर ऊन छान पडलंय.” एक गृहस्थ म्हणाले, “हो ना, म्हणून आत बरं वाटतं.”

एक वाजला. सव्वा झाला. रोझलिंडचा पत्ता नाही. ती कधी एक मिनिट उशीर करणारी नव्हे. ॲम्ब्रोजला वाटलं, आली असणार, ही जत्रा बघून परत गेली असणार, उद्या सही. झालं, संपलं! तो मटकन खुर्चीत बसला.

तेवढ्यात काठी टेकत पुढे आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “तुम्ही दार का लावत नाही हो? म्हणजे आम्ही नसतो आलो.”

हवा लागते, हे ओठांवर आलंच होतं. पण पुढच्या आठवड्यात आपण इथं नसणार, आणि ही बाई पुन्हा दिसणार नाही. मग खोटं कशाला?

“माझी बायको, एनिड. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं,” तो म्हणाला. “मी बरोबर जाणार होतो. टोपी घ्यायला म्हणून आत वळलो, आणि वाऱ्यानं दार लागलं. धाडकन. मी ते उघडेपर्यंत ॲम्ब्युलन्स निघून गेली. तिला वाटलं असेल, मीच लावलं. रस्त्यातच गेली ती, मला सांगायलाही मिळालं नाही. तेव्हापासून मी दिवसा दार लावत नाही. तोच आवाज येतो हो.” त्यानं टेबलावरचा काटा सरळ केला. “मग तुम्ही लोक यायला लागलात. आधी राग आला. आता कुणी नाही आलं तर दिवस जात नाही. पण माझ्या मुलीला बोलू नका हं. तिला वाटतं मी एकटा पडलोय. अहो, मला धड जेवायला सवड मिळत नाही!”

“आईला तसं मुळीच वाटलं नसेल,” मागून आवाज आला. “तुम्ही टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.”

एका उंच माणसाच्या पाठीआडून रोझलिंड पुढे आली. नाक लाल झालं होतं.

“तू? कधी आलीस?”

“एकला पाच मिनिटं कमी होती तेव्हाच. रांगेत होते.”

“अगं, आपलं घर आहे हे!”

“म्हणून काय रांग मोडायची?”

ॲम्ब्रोजनं मान डोलावली. बरोबरच होतं तिचं. मिस कॉटरेलनं तिला खिडकीतून चांगला अर्धा तास उभं पाहिलं होतं, पण हाक मारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत नाक खुपसणं, म्हणून ती गप्प राहिली. पुढच्या माणसानं तर रोझलिंडला सांगितलंही होतं, की आतला म्हातारा अगदी खराखुरा आहे, चुकवू नका.

रोझलिंडनं डोळे पुसले, पर्समधलं रेडिंगच्या खोलीच्या कागदांचं पाकीट काढलं, फाडून चुलीत टाकलं आणि बाह्या सरसावल्या. मग शाळेत चालतो तो आवाज लावला. “चला, सगळे बाहेर! बाबांचं जेवण गार होतंय.”

आतली माणसं एकमेकांची आणि टेबलखुर्च्यांची माफी मागत बाहेर पडली. बाहेर रांगेत रोझलिंडच्याही मागून येऊन उभ्या राहिलेल्या एका बाईचा नंबर अजून लागायचा होता. ती हिरमुसून म्हणाली, “मग पुन्हा कधी उघडतं हे?”

“दोन वाजता,” रोझलिंड म्हणाली. “आणि आज नाही जमलं तर केव्हाही या. बाबा कुठे जात नाहीत.”