कोळशाची खूण

आमच्या अकोल्याच्या घरी येणारा गवंडी भिंतीवर टकटक करून, कान लावूनच कामाला हात घाली. मी इंग्रजी शाळेतली म्हणून तो मला 'मडमबाई' म्हणे. मी खाली बघे.

न्हाणीत दोनदा पडल्यापासून आत्याला आंघोळीला मी धरत असे. तिला त्याची फार लाज वाटे. म्हणून भिंतीला लोखंडी दांडा बसवायचं ठरलं. बाबांनी जागा दाखवली, पण गवंड्याने आधी आत्याला कोरड्या न्हाणीत पाटावर बसवलं.

"बाई, डोये मिटा. तोंडाले साबन लागली समजा. आता उठा."

"काहून रे, नाटक करून राहिला काय?"

आत्या हसत उठली. तिचा हात आपोआप भिंतीवर गेला, बाबांच्या जागेपेक्षा वीतभर खाली. तिथंच त्याने कोळशाने खूण केली. दांड्याची टोकं भिंतीपार नेऊन मागून पट्टीने आवळली. ओला हात निसटू नये म्हणून दांड्याला सुतळी गुंडाळली.

चुना वाळल्यावर तो परत आला आणि पाय उचलून दांड्याला लोंबकळला.

"आता तुमी, मडमबाई."

बाबांदेखत मीही लटकले.

दुसऱ्या सकाळी आत्या आंघोळीला निघाली. मी सवयीने मागोमाग गेले, तर तिने आतून कडी लावून घेतली.