मॉनिटर नसलेला डबा

वारंगा फाट्यावर एका बंजारा माणसाचं नेट कॅफे होतं. मागच्या कोपऱ्यात मॉनिटर नसलेला एक कॉम्प्युटर कायम चालू असायचा. आपल्या तांड्यातल्या बायांची गाणी त्यानं स्वतः रेकॉर्ड करून त्यात ठेवली होती. जगात कुणालाही हवी असली तर तो डबा टोरंटवरून ती आपोआप देत बसायचा. येता-जाता तो डब्यावर हात ठेवी, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“मॉनिटर काहून न्हाई लावला?” मी एकदा विचारलं.

“त्याला काय बघायचंय? देऊन राहिला ना तो.”

एका उन्हाळी दुपारी लाइट गेली. शेजारच्या कॉम्प्युटरवर त्यानं पाहिलं, तर दूर देशी कुणीतरी गाणी घेत होतं आणि थोडीच राहिली होती. इन्व्हर्टर संपत आला होता. त्यानं पंखा बंद केला, पाठोपाठ तो शेजारचा कॉम्प्युटरही. घामानं निथळत आम्ही डब्याची घरघर ऐकत राहिलो. मला ती लांबच्या जात्यासारखी वाटली.

मग इन्व्हर्टरही संपला आणि घरघर थांबली.

“पोचली का हो सगळी?”

त्याचा हात डब्यावरच होता. “आमचा आजा बैलावर मीठ लादून न्यायचा,” तो म्हणाला. “कुणाच्या भाकरीत पडलं, ते बघाया मागं जायचा का?”