वस्तादांच्या बैठका

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत वस्तादांकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. सर्दी झाली, मार बैठका. गणितात नापास झालास, मार बैठका. बायकोशी भांडून आलेल्या गड्यालाही ते तेच सांगत, आणि गंमत म्हणजे तो मुकाट्यानं मारायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आठवीत होतो. सकाळी तालीम, संध्याकाळी फुटबॉल. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं आणि जिना उतरताना जीव जायला लागला. वस्तादांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. "गाठ हाय. बैठका वाढीव, मुरंल." मी वाढवल्या आणि चक्क लंगडायला लागलो.

माझे वडील, आबा, पोलिसात हवालदार. मलाही भरतीला उभं करायचं, हे त्यांचं ठरलेलं. ते तालमीत येऊन गरजले, "वस्ताद, तुमच्या बैठकांनी पोरगं बुटकं राहिलं तर भरतीत कोण घेणार? उद्यापासनं तालीम बंद, फुटबॉल बंद." मला रडू कोसळलं. त्याशिवाय मला दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी वस्ताद मला सायकलवर डबलसीट घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. स्वतः जन्मात दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, "वाढीच्या वयात मांडीचा स्नायू गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला ओढतो. खेळणाऱ्या पोरांत तिथं सूज येते. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं दुखणं जातं. उंचीला धक्का नाही. दुखेल तेव्हा विश्रांती द्या, बर्फ लावा."

"आन् बैठका?" वस्तादांनी विचारलं.

"आत्ता नकोत. त्यांनीच दुखणं वाढलंय."

येताना वस्ताद सायकलवर बसलेच नाहीत. मला सीटवर बसवून पेठेपर्यंत ढकलत आणलं. संध्याकाळी सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "ह्या पोराच्या गुडघ्याचं माझं चुकलं. हितनं फुडं गुडघा दुखला की बैठक बंद. कुनी लाजायचं न्हाय." मग आमच्या घरी आले. "हवालदार, पोरगं बसू दे की, पर माझ्या तालमीत बसू दे." आबा नरमले.

पुढं कितीतरी महिने मी कट्ट्यावर बसून गुडघ्याला बर्फ लावला. बर्फ वस्ताद स्वतः आणायचे. मला चिडवणाऱ्या पोरांना मात्र बैठका चुकल्या नाहीत. हळूहळू दुखणं थांबलं आणि मी पुन्हा मैदानात उतरलो.

भरतीत मोजपट्टीखाली उभा राहिलो तो चांगला दोन बोटं वर. आबा पेढे घेऊन तालमीत गेले. "वस्ताद, उंची भरली पोराची."

वस्तादांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. त्यांचे डोळे भरले होते.

"डॉक्टर म्हनालं हुतं, पर माझा जीव टांगनीलाच हुता, हवालदार. उंची तुमच्या घरची. माझ्या हातनं तिचं वाटोळं झालं न्हाय, ह्येच लई."